मिल्ल, त्रैराशिक आणि मताचा अधिकार

जॉन स्टुअर्ट मिल्ल याचा प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील ग्रंथ १८६१ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिकलेल्या आमच्याकडील पिढ्यांनीं मिल्लचें 'लिबर्टी' आवडीनें वाचलें, त्याचें स्त्रियांच्या दास्यावरील पुस्तकहि वाचलें. ज्यांनीं मूळ ग्रंथ कधीं पाहिले नाहींत त्यांच्याहि कानांवर आगरकरांमुळें मिल्लचें नांव गेलें. 'कन्सिडरेशन्स ऑन रिप्रेझेंटेटिव्ह गव्हर्नमेंट' हा ग्रंथ मात्र बहुधा परीक्षेपुरता उघडला गेला आणि परीक्षेबरोबरच मिटला गेला. याचें एक कारण असें कीं, त्याचें शेवटचें प्रकरण भारतीय वाचकाच्या घशाखालीं उतरणें कठीण. दुसरें कारण अधिक खोल आहे. आमचें मत असें आहे कीं, या एका बांधणींत दोन ग्रंथ आहेत आणि ते एकमेकांस खोडून काढतात. त्यांतला एक तिसऱ्या प्रकरणांत आहे व दुसरा आठव्यांत. गेलीं पंचवीस-तीस वर्षें हा ग्रंथ वर्गांत शिकवतांना आमच्या ध्यानांत आलें आहे कीं, विद्यार्थी तिसऱ्या प्रकरणाशीं सहमत होतात, आठव्याशींहि सहमत होतात, आणि या दोहोंत विरोध आहे हें दाखवून दिलें म्हणजे थोडे नाराज होतात.

तिसऱ्या प्रकरणाचा आरंभ एका जुन्या समजुतीपासून आहे: राजा सद्गुणी लाभला तर एकतंत्री राज्यासारखें दुसरें राज्य नाहीं. आमच्याकडे रामराज्याच्या नांवानें हीच समजूत आजहि घरोघर नांदते. असा राजा मिळत नाहीं, मिळाला तरी त्याचा मुलगा तसा निघत नाहीं, या नेहमींच्या उत्तरावर मिल्ल फार वेळ घालवीत नाहीं. तो म्हणतो, मिळाला असेंच धरून चाला. न्याय चोख आहे, कर हलके आहेत, अंमलदार प्रामाणिक आहेत. मग त्या प्रजेचें काय होईल? ज्या गोष्टींचा निर्णय आपल्या हातीं नाहीं त्यांचा विचार करण्याचे श्रम कोण घेईल? त्याच्या मतें राज्यपद्धतीची परीक्षा दोन प्रश्नांनीं करावयाची. लोकांच्या अंगीं आज जे गुण आहेत त्यांचा ती किती चांगला उपयोग करून घेते, हा एक. आणि उद्यांसाठीं ते गुण ती किती वाढवते, हा दुसरा. पहिला प्रश्न कोणीहि व्यवहारी कारभारी विचारील. दुसरा विचारावयास मिल्ल लागतो.

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल तो अथेन्सकडे वळतो. तेथील नागरिकसभा आणि न्यायसभा यांत बसून बसून सामान्य अथेनियन माणसाची बुद्धि इतकी वर चढली कीं, जुन्या-नव्या कोणत्याहि राष्ट्रांतील सामान्य माणसानें तिची बरोबरी केलेली नाहीं, असें त्याचें म्हणणें. (त्या सभांच्या बाहेर गुलाम, स्त्रिया व परदेशी रहिवासी उभे होते, हें वाचकानें स्वतः लक्षांत ठेवावें.) इंग्लंडांत ज्यूरीवर बसावें लागतें, पॅरिशचीं कामें पाहावीं लागतात, त्यामुळेंहि थोडेंबहुत हेंच साधतें, असें तो सांगतो. आयुष्यभर आपल्या नफातोट्याचा हिशेब करणारा दुकानदार दोन अपरिचितांच्या भांडणांत कोणाचें खरें हें ठरवावयास बसतो, तेव्हां तो स्वतःच्या दुकानाबाहेर प्रथमच पाऊल टाकतो. राज्यकारभारांत भाग घेणें ही एक शाळा आहे, हा मिल्लचा सिद्धांत तो हाच. आमच्या मतें त्याच्या सर्व राजकीय लिखाणांत याहून मोलाची गोष्ट नाहीं.

आतां आठवें प्रकरण पाहावें. मताधिकार सर्वांस मिळावा, असें मिल्ल म्हणतो. पण तो मागणाऱ्यानें नोंदणी अधिकाऱ्यासमोर इंग्रजी पुस्तकांतील एक वाक्य उतरून काढावें आणि त्रैराशिकाचें एक उदाहरण सोडवून दाखवावें. कर न देणाऱ्यास मत नाहीं, पॅरिशच्या धर्मादाय मदतीवर जगणाऱ्यास मत नाहीं. उलट ज्याची बुद्धि धंद्यावरून वा पदवीवरून अधिक ठरते त्यास एकाहून अधिक मतें: मजुराहून मुकादमाला, मुकादमाहून कारखानदाराला, आणि वकील, वैद्य, पदवीधर यांना तशींच. गरिबांतल्या गरिबालाहि परीक्षा देऊन हीं जादा मतें मिळवितां यावींत, असें तो जोडून सांगतो. अक्षरओळख सर्वांस फुकट मिळण्याची सोय समाजानें आधीं केली पाहिजे, हेंहि सांगतो. त्याच प्रकरणांत स्त्रियांच्या मताधिकारासंबंधीं त्यानें लिहिलेलीं पानें तर निर्दोष आहेत. येथें स्त्री-पुरुष भेद हा उंचीच्या किंवा केसांच्या रंगाच्या भेदाइतकाच गैरलागू, असें १८६१ सालीं म्हणणें ही लहान गोष्ट नव्हती. पुढें पार्लमेंटांत गेल्यावर १८६७ सालीं त्यानें मताधिकाराच्या विधेयकांत 'पुरुष' या शब्दाजागीं 'व्यक्ति' हा शब्द घालण्याची उपसूचना आणली. तिला ७३ मतें मिळालीं, विरुद्ध १९६ पडलीं.

हें सर्व मान्य करूनहि प्रश्न उरतोच. मत देणें आणि कारभारांत भाग घेणें हीच जर शाळा, तर तिच्या दारांत प्रवेशपरीक्षा कशाला? पाण्यांत पडल्यावांचून पोहणें येत नाहीं हें ज्यानें तिसऱ्या प्रकरणांत पटवून दिलें, तोच आठव्यांत पोहण्याचा दाखला आणल्यावांचून कोणास पाण्यांत उतरूं देत नाहीं.

मिल्लला भीति कशाची होती हें समजून घेतलें पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडांत हातावर पोट असलेल्या बहुसंख्यांस मत नव्हतें. तें उद्यां मिळालें म्हणजे एकच वर्ग संख्येच्या जोरावर सर्व कायदे आपल्या सोयीचे करील, अशी धास्ती त्याला वाटत होती. (ज्यांच्या हातीं तेव्हां मत होतें ते कायदे कोणाच्या सोयीचे करीत होते, हेंहि त्याला दिसत होतें आणि तें त्यानें लिहिलें आहे, मिल्लचा प्रामाणिकपणा असा वारंवार त्याच्याच युक्तिवादाला अडचणींत आणतो.) टॉमस हेअरची पसंतिक्रमाची योजना त्यानें एवढ्या उत्साहानें उचलून धरली, ती याच धास्तीपोटीं. त्याच ओघांत मार्शल नांवाच्या गृहस्थाच्या एका सूचनेचा तो उल्लेख करतो: तीन जागांच्या मतदारसंघांत मतदाराला आपलीं तिन्ही मतें एकाच उमेदवारास देतां यावींत. वाचणाऱ्यास ही कल्पना पुस्तकी वाटते. परंतु १९३७ च्या निवडणुकींत मुंबई इलाख्यांतील बहुसदस्य मतदारसंघांत हीच पद्धति चालली, आणि विखुरलेल्या अस्पृश्य मतदारांस आपलीं सर्व मतें एका उमेदवाराच्या पदरांत टाकण्याची सोय तिनें दिली. मिल्लनें ही युक्ति सुशिक्षित अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठीं वाखाणली होती. ती उपयोगीं पडली ती ज्यांना शाळेच्या पायरीवरहि बसूं दिलें नव्हतें त्यांना.

आणि आठव्या प्रकरणाला खरें उत्तर मिळालें तेंहि त्यांच्याकडूनच. शिक्षण वरच्या वर्गास दिलें म्हणजे तें आपोआप खालीं झिरपतें, या सरकारी समजुतीवर जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें घाव घातला होता. विद्येची वांटणी जेथें जातीनें केलेली आहे, तेथें विद्येची अट ही जातीचीच अट होते. इंग्लंडांतील मजुराला गरिबीनें शाळेबाहेर ठेवलें होतें; येथें धर्मानें ठेवलें होतें. १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें साक्ष देतांना सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं अस्पृश्यांसाठीं मताधिकाराची पायरी खालीं आणण्याची मागणी केली. पुढें सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या मुंबई इलाख्याच्या समितीवर असतां त्यांनीं इतर सभासदांच्या अहवालाला मान न डोलवितां १९२९ सालीं आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यांत प्रौढ मताधिकार मागितला. साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात, असें त्यांचें म्हणणें होतें. निरक्षर माणूस निर्बुद्धच असतो असें धरून चालणें ही पहिली चूक. साक्षर झाला कीं बुद्धि वाढली असें मानणें ही दुसरी. हा अहवाल आम्ही मिल्लच्या ग्रंथावरील सर्वोत्तम टीका मानतों, जरी तो टीका म्हणून लिहिलेला नाहीं.

१९५१ च्या जनगणनेंत देशांतील साक्षरांचें प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होतें. १९३७ सालीं ब्रिटिश प्रांतांत सुमारे तीन कोटी लोकांस मत होतें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत मतदारांच्या यादींत सुमारे १७ कोटी ३० लाख नांवें होतीं. ज्याला वाक्य उतरून काढतां येत नव्हतें त्याच्यासाठीं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह चिकटवलें, आणि मताचा कागद हव्या त्या पेटींत टाकला कीं काम झालें. त्रैराशिकाची अट अशी एका लोखंडी पेटीनें निकालांत काढली. पण त्या यादीची एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत सुमारे २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींत येऊं शकलीं नाहींत. कारण त्यांनीं अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख सांगितली, आणि परक्या माणसापुढें स्वतःचें नांव उच्चारणें त्यांच्या रीतींत बसत नव्हतें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशी बिननांवाची नोंद चालूं दिली नाहीं. त्यांचा निर्णय कठोर होता. तथापि मिल्लच्या दृष्टीनें पाहतां, मताधिकाराच्या शाळेंतील पहिला धडा याहून वेगळा कोणता असूं शकला असता, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मिल्लचें आठवें प्रकरण आतां वस्तुसंग्रहालयांत ठेवण्याच्या लायकीचें झालें. तसें नाहीं. इंग्लंडांत विद्यापीठांच्या पदवीधरांचें दुसरें मत १९४८ च्या कायद्यानें गेलें. महाराष्ट्रांत तें अजून जिवंत आहे. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदानें विधानपरिषदेचा सुमारे बारावा हिस्सा पदवीधरांनीं आणि तितकाच शिक्षकांनीं निवडावयाचा आहे; महाराष्ट्राच्या ७८ सभासदांत असे सात व सात आहेत. प्रस्तुत लेखक पदवीधर आहे, शिक्षकहि आहे. म्हणजे विधानसभेचें एक मत, पदवीधराचें दुसरें, शिक्षकाचें तिसरें. आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंना एक मत आहे आणि आम्हांस तीन. मिल्लला हवा होता तो अनेकमती नागरिक आम्हीच आहों! त्याला भर म्हणून ही निवडणूक पसंतिक्रमानें होते, म्हणजे हेअरची योजनाहि येथेंच येऊन पोंचली आहे. फक्त जागा एकच असल्यामुळें त्या योजनेचा प्राण, म्हणजे अल्पसंख्याकांस प्रमाणशीर जागा, तो तेवढा वाटेंत गळाला. आतां या विद्वान मतदारांनीं करावयाचें काय, तर आवडत्या उमेदवाराच्या नांवापुढें १ हा आंकडा लिहावयाचा. २०२३ सालीं अमरावती पदवीधर मतदारसंघाच्या मोजणींत बाद मतें कांहीं हजारांनीं निघालीं. त्रैराशिक दूरच राहिलें. पदवीनें राजकीय शहाणपण येतें या गृहीतावर याहून बोलकें भाष्य आम्हांस ठाऊक नाहीं, आणि हा अनुच्छेद संविधानांत कां राहावा याचें समाधानकारक कारण आमच्या तिन्ही मतांपैकीं एकालाहि सुचत नाहीं.

गुप्त मतदानाला मिल्लचा विरोध होता, त्याविषयीं थोडक्यांत. मत ही खासगी मालमत्ता नसून विश्वस्ताची ठेव आहे, म्हणून विश्वस्तानें तें उघडपणें द्यावें, असा त्याचा युक्तिवाद. तो ऐकावयास उदात्त आहे. पण ज्याच्या शेतावर उद्यां कामाला जावयाचें त्याच्या डोळ्यांदेखत विश्वस्त होणें कसें जमावें? इंग्लंडानें १८७२ सालीं मिल्ल हयात असतांनाच गुप्त मतदानाचा कायदा करून त्याचा सल्ला बाजूस ठेवला. आमच्याकडे व्यक्तीचें मत गुप्त राहतें, परंतु केंद्रनिहाय आंकडे प्रसिद्ध होत असल्यानें वस्तीचें मत गुप्त राहत नाहीं, आणि कोणत्या वाडीनें कोणाला पाडलें याचा हिशेब तालुक्याच्या पुढाऱ्यापाशीं असतो. मिल्लचा उघडेपणा असा मागच्या दारानें आंत आला आहे, तोहि विश्वस्ताऐवजीं धन्याच्या सोयीसाठीं.

शेवटचें, परतंत्र मुलखांच्या राज्यकारभारासंबंधींचें प्रकरण. मिल्लनें १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरींत नोकरी केली, आणि हें प्रकरण वाचतांना तत्त्वज्ञ उठून जातो व कारकून खुर्चीवर येऊन बसतो. हिंदुस्थानाला प्रतिनिधि नकोत. पार्लमेंटाच्या लहरीपासून दूर असलेलें जाणत्या अधिकाऱ्यांचें मंडळ हवें. सद्गुणी राजाखालीं प्रजेची बुद्धि सुकते हें ज्यानें तिसऱ्या प्रकरणांत सिद्ध केलें, तोच येथें सद्गुणी कंपनीची शिफारस करतो. या विरोधाला तो उत्तर देत नाहीं असें नाहीं. कांहीं लोकसमूह अजून शिकाऊ अवस्थेंत आहेत, असें त्याचें उत्तर आहे. शिकाऊ माणसाला शाळेंत घालतात कीं शाळेबाहेर ठेवतात, हा प्रश्न त्याला पडावयास हवा होता. तो पडला लॉर्ड रिपनला. १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावांत रिपननें स्पष्ट म्हटलें कीं, नगरपालिका व लोकलबोर्डें यांनीं कारभार लगेच सुधारेल म्हणून ही योजना नाहीं. लोकांच्या राजकीय शिक्षणासाठीं ती आहे. मिल्लचें तिसरें प्रकरण हिंदुस्थानांत लागू करणारा हा पहिला सरकारी कागद. तो लिहिणाऱ्यानें अठरावें प्रकरण वाचलें नव्हतें असें मानण्याचें कारण नाहीं.

येथवर आमचा रोख मिल्लविरुद्ध दिसला असेल. आतां तो आमच्याकडे वळविणें भाग आहे. आठव्या प्रकरणाचा पराभव आम्हीं केला, मत सर्वांस दिलें, १९८९ पासून अठराव्या वर्षीं दिलें. पण तिसऱ्या प्रकरणांतल्या शाळेचें काय केलें? मिल्लची ज्यूरी घ्या. मुंबईंत १९५९ सालीं नानावटी खटल्यांत ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें आरोपीस निर्दोष ठरवलें, न्यायाधीशांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलें, तेथें निकाल फिरला. आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ज्यूरीला जागाच उरली नाहीं. नानावटीच्या ज्यूरीचा निकाल आम्हांसहि पटणारा नाहीं. परंतु विद्यार्थी चुकला म्हणून शाळाच बंद करावी, हा न्याय मिल्लला खचित चमत्कारिक वाटला असता. (पारशी समाजाच्या १९३६ च्या विवाहविषयक कायद्यानें न्यायाधीशाबरोबर समाजांतील प्रतिनिधि बसवण्याची प्रथा मात्र टिकवून धरली.) ग्रामसभेचीहि कथा निराळी नाहीं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें १९९३ सालीं तिला संविधानांत स्थान मिळालें. महाराष्ट्रांतील नियम असा कीं, मतदारांपैकीं शेकडा १५ किंवा १०० यांपैकीं जी संख्या कमी तितके लोक जमले पाहिजेत. न जमले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाहीं! म्हणजे गांव आला नाहीं तरी गांवाचा ठराव होतो. पांच वर्षांतून एकदां बोट काळें करणारा नागरिक मधल्या काळांत काय शिकतो, याचें उत्तर या तहकुबींत आहे.

गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवानें याहून वेगळें उत्तर दिलें. तेथें ग्रामसभेचा निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसहमतीनें होतो. आणि सभेच्या बरोबरीनें अभ्यासगट चालतो, ज्यांत जंगल, कायदा, हिशेब यांविषयीं माहितगार माणसांस बोलावून प्रश्न विचारले जातात. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें या प्रयोगाशीं जोडलेलीं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढें तेथील बांबू विकण्याचाहि. मिल्लनें पंधराव्या प्रकरणांत सत्ता गांवोगांव वांटावी व ज्ञान मात्र मध्यवर्ती ठेवावें, अशी विभागणी सुचवली आहे. मेंढ्याच्या अभ्यासगटानें ती मोडली: ज्ञान सत्तेच्या शेजारीं आणून बसवलें. आणि बहुमताच्या जुलुमावर हेअरच्या गणितांत उपाय शोधणाऱ्या मिल्लला, मतें मोजावींच कशाला, असें विचारणारे लोक भेटते तर तो किती वेळ गप्प राहिला असता, याची कल्पना करून आम्हांस गंमत वाटते.

परंतु मेंढ्याची सर्वसहमति उचलून हव्या त्या गांवांत नेतां येत नाहीं. खेड्यावर लोकशाही उभारावी म्हणणाऱ्यांस आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं संविधानसभेंत जें सुनावलें, तें आजहि ऐकावयास कडू आहे; खेडें म्हणजे अज्ञान आणि संकुचितपणा यांचें आगर, असा त्यांचा आशय होता. जेथें एकाच जमातीचीं शंभरेक घरें आहेत तेथें सहमति म्हणजे सहमति. जेथें पाटीलवाडा, बारा बलुतीं आणि गांवकुसाबाहेरची वस्ती आहे, तेथें सहमतीचा अर्थ पुष्कळदां दुर्बळांचें मौन. महाराष्ट्रांत 'बिनविरोध' निवडणूक ही गांवच्या एकीची खूण म्हणून मिरवली जाते. २०२१ सालीं नाशिक जिल्ह्यांतील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानें रद्द केल्या, कारण जागांचा चक्क लिलाव झाला होता. तेथेंहि कोणी विरोध केला नव्हता.

तेव्हां शाळा नुसती उघडून भागत नाहीं. वर्गांत मागच्या बांकावर बसणाऱ्यास बोलावयास लावणारा कोणीतरी लागतो. हें काम मिल्लच्या योजनेंत कोणाचें, तें त्याच्या ग्रंथांत सांपडत नाहीं. मेंढ्यांत तें अभ्यासगटानें केलें. महाराष्ट्राच्या कायद्यांत नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे, तिच्या मुळाशीं हीच जाण दिसते. ती कागदावर किती आणि चावडीवर किती, हें गांवागणिक वेगळें.

ग्रंथ वाचूं इच्छिणाऱ्यास आमची सूचना एवढीच कीं, त्यानें तो लेखकानें लावलेल्या क्रमानें वाचूं नये. तिसरें प्रकरण प्रथम वाचावें, आणि सावकाश. मग स्थानिक संस्थांवरील पंधरावें. त्यानंतर अठरावें, मधें एक दिवस जाऊं देऊन. हेअरच्या योजनेचें सातवें प्रकरण ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनीं वाचावें, इतरांनीं चाळलें तरी चालेल. आणि आठवें अगदीं शेवटीं, आंबेडकरांचा १९२९ चा अहवाल शेजारीं उघडा ठेवून.